निळा दिवा लागलाय, पण पाणी निर्जंतुक झालंय का?

यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांच्या, यंत्रातून पाणी गेलं की त्यातलं काहीही कमी होत नाही. जेवढे क्षार आत गेले तेवढेच बाहेर येतात, चव तीच, वास तोच, गढूळपणा असला तर तोही तसाच. इतकंच काय, ज्या जंतूंसाठी हा सगळा खटाटोप, तेसुद्धा पाण्यातच राहतात आणि पेल्यातून आपल्या पोटात जातात. फक्त पोटात गेल्यावर त्यांना वाढता येत नाही. यूव्हीचे सगळे फायदे आणि सगळ्या मर्यादा यातूनच निघतात, म्हणून सुरुवात इथूनच करू.

अतिनील किरणांचे ए, बी आणि सी असे तीन गट पाडले जातात. उन्हातून आपल्यापर्यंत पोहोचतात ते बहुतांशी ए आणि थोडेसे बी. सी गटातले, म्हणजे २८० नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचे किरण वातावरणातला ओझोन आणि ऑक्सिजन वरच्या वर अडवतात. डीएनए २६० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण भरपूर शोषून घेतो आणि त्यातच त्याचं नुकसान होतं. कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेचा दिवा लावला की त्यातून मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे किरण बाहेर पडतात. ही जुळणी कुणी ठरवून केलेली नाही, पाऱ्याच्या अणूची घडणच तशी आहे. आपलं नशीब म्हणायचं.

डीएनएच्या साखळीत थायमिन नावाचा एक घटक असतो. दोन थायमिन शेजारी शेजारी असतील आणि त्यांनी हा किरण शोषला, तर ते एकमेकांना घट्ट चिकटतात. जंतूला दुभंगून दोन व्हायचं तर आधी डीएनएची प्रत काढावी लागते, आणि ती काढणारी यंत्रणा या चिकटलेल्या जागी येऊन अडते. चेनचे दोन दात एकमेकांत बसले की चेन पुढे सरकत नाही, तसं. जंतू त्या क्षणी मरत नाही. तो काही काळ जिवंतही असतो, पण त्याची पिलावळ वाढत नाही. आपल्याला आजारी पाडायला मूठभर जंतू सहसा पुरत नाहीत, आत शिरून त्यांना लाखोंनी वाढावं लागतं. ती वाढच खुंटली की रोग होत नाही.

‘मरत नाही, पण वाढत नाही’ हा फरक पुस्तकी वाटतो, पण त्याने जाणकारांनाही बरीच वर्षं चकवलं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे. पाण्यात तो जाड कवचाच्या कोषात राहतो आणि पिण्याच्या पाण्यात असतं तेवढं क्लोरिन त्याचं काही बिघडवू शकत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तो नळाच्या पाण्यातून पसरला आणि अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले. तोवर यूव्हीचा या कोषांवर उपयोग नाही असंच मानलं जात होतं. कारण साधं होतं. किरण दिल्यावर कोष जिवंत आहे का, हे प्रयोगशाळेत रंगद्रव्याने किंवा कोष उघडतो का ते पाहून ठरवत, आणि त्या चाचणीत तो जिवंतच निघायचा. १९९८च्या सुमारास संशोधकांनी प्रश्न बदलला. किरण दिलेले कोष उंदराच्या पिलांना दिले आणि त्यांना संसर्ग होतो का ते पाहिलं. होत नव्हता, आणि तेही किरणांच्या अगदी थोड्या मात्रेत. त्यानंतर पाणीपुरवठ्याच्या क्षेत्राची यूव्हीकडे पाहण्याची नजरच बदलली. न्यूयॉर्क शहराच्या कॅटस्किल-डेलावेअर पाण्यासाठी पुढे ५६ यूव्ही यंत्रांचं केंद्र उभं राहिलं, ते याच परजीवींच्या धास्तीने.

तसं पाहिलं तर तंत्र नवीन नाही. उन्हाने जीवाणूंची वाढ थांबते हे डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी १८७७ साली दाखवलं होतं. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात १९१०च्या आसपास पिण्याच्या पाण्यावर यूव्ही वापरूनही पाहिलं गेलं. पण तेव्हाचे दिवे नाजूक आणि बेभरवशाचे होते, क्लोरिन स्वस्त होतं, आणि पुढची कित्येक दशकं मैदान क्लोरिननेच मारलं.

मात्रा: किती प्रकाश, किती वेळ

औषधासारखी यूव्हीचीही मात्रा असते. किरणांची तीव्रता गुणिले पाणी त्या किरणांत राहिलं तेवढा वेळ, अशी ती काढतात. एकक आहे मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर. यंत्राच्या माहितीपत्रकावर ४० हा आकडा बऱ्याचदा दिसेल. कुठल्याही भरवशाविना आलेलं पाणी, म्हणजे विहीर, बोअर किंवा ओढ्याचं पाणी पिण्याजोगं निर्जंतुक करायला साधारण एवढी मात्रा धरतात. एनएसएफ ५५ या मानकात अशा यंत्रांना ‘क्लास ए’ म्हणतात आणि त्यांना किरण मोजणारा सेन्सर आणि धोक्याची सूचना देणारी सोय लागते. ‘क्लास बी’ची मात्रा १६. ती यंत्रं आधीच निर्जंतुक झालेल्या पाण्यावर जास्तीची खबरदारी म्हणून आहेत. दोन्ही यंत्रं दिसायला सारखीच असतात. बोअरच्या पाण्यावर क्लास बी बसवलं तर चुकतं ते इथे.

माहितीपत्रकावरचा दुसरा आकडा ९९.९ टक्क्यांचा. तो वाचून सगळं संपलं असं वाटतं. पण पाण्यात १० लाख जीवाणू असतील तर ९९.९ टक्के गेल्यावर १ हजार उरतात. ९९.९९ टक्के गेले तर १००. म्हणून मुळात पाणी किती खराब आहे याला महत्त्व आहे. मैलापाणी मिसळलेलं पाणी आणि बऱ्यापैकी स्वच्छ विहिरीचं पाणी एकाच यंत्रातून काढलं, तर बाहेर येणारं पाणी एकसारखं नसतं.

सगळे जंतूही सारखे नसतात. क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया हे क्लोरिनला दाद न देणारे परजीवी १२ मिलिज्यूलच्या आतबाहेर ९९.९ टक्क्यांनी निकामी होतात. अ‍ॅडेनोव्हायरस मात्र चिवट आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००६च्या नियमांत विषाणू ९९.९९ टक्के निकामी करायला १८६ मिलिज्यूलची मात्रा धरली, ती याच विषाणूमुळे. त्याचा डीएनए दुपदरी असतो. तो माणसाच्या पेशीत शिरला की पेशीचीच दुरुस्ती यंत्रणा त्याचं बिघडलेलं काम सरळ करून देते. क्लोरिन मात्र त्याला सहज संपवतं. एकाला जे जमत नाही ते दुसऱ्याला जमतं, म्हणून मोठ्या पाणीपुरवठ्यात दोन्ही वापरतात.

मात्रेच्या सूत्रातला वेळ हा भाग ग्राहकाच्या हातात असतो, आणि त्याकडेच दुर्लक्ष होतं. ज्या प्रवाहासाठी यंत्र बनलंय त्याच्या दुप्पट वेगाने पाणी काढलं की पाणी दिव्यासमोर निम्माच वेळ राहतं, मात्रा निम्मी. सगळ्या घरासाठी यंत्र घेताना दोन बाथरूम, वॉशिंग मशीन आणि स्वयंपाकघरातला नळ एकाच वेळी चालू असताना किती लिटर लागतं ते बघायचं. दिवसाची सरासरी काढून भागत नाही.

पाणी पारदर्शक आहे, पण कुणाला?

डोळ्यांना नितळ दिसणारं पाणी यूव्हीलाही नितळ असेलच असं नाही. पाण्याच्या १ सेंटीमीटर थरातून २५४ नॅनोमीटरचे किती टक्के किरण पार जातात, त्याला यूव्ही पारगम्यता म्हणतात. चांगल्या भूजलात ती ९५ टक्के असू शकते, पालापाचोळा कुजलेल्या तळ्याच्या पाण्यात ७५ किंवा त्याहूनही कमी. ९५ आणि ७५ मध्ये फार फरक नाही असं वाटतं ना? मग हिशोब करून बघा. प्रत्येक सेंटीमीटरला तेवढी घट होत जाते. ९५ टक्क्यांच्या पाण्यात ५ सेंटीमीटर आत ७७ टक्के किरण शिल्लक असतात. ७५ टक्क्यांच्या पाण्यात त्याच अंतरावर जेमतेम २४. दिवा तोच, वीज तीच, पण नळीच्या कडेने वाहणाऱ्या पाण्याला एक तृतीयांशाहूनही कमी प्रकाश मिळाला.

गढूळपणाचा त्रास वेगळा. मातीचा कण प्रकाश अडवतो आणि त्याच्या मागे सावली पडते. त्या सावलीत किंवा कणाच्या खाचेत बसलेला जीवाणू सुखरूप पार होतो. म्हणून यूव्हीच्या आधी ५ मायक्रॉनचा गाळ फिल्टर हवाच, तो ऐच्छिक नाही. गढूळपणा १ एनटीयूच्या (हे गढूळपणाचं एकक) आत असावा. लोह लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या, मँगनीज ०.०५च्या आणि कठीणपणा साधारण १२० मिलिग्रॅमच्या आत असावा, असं बहुतेक उत्पादक सांगतात.

लोह आणि कठीणपणा यांचा इथे काय संबंध, ते यंत्र उघडल्यावर कळतं. स्टीलच्या नळकांड्यात मधोमध क्वार्ट्झची पारदर्शक नळी असते आणि तिच्या आत दिवा. पाणी नळीच्या बाहेरून वाहतं, दिव्याला कधी शिवत नाही. क्वार्ट्झच हवं, कारण साध्या काचेतून हे किरण बाहेरच पडत नाहीत. नवी नळी इतकी स्वच्छ असते की प्रकाशात धरल्याशिवाय दिसत नाही. जड पाण्यावर काही महिने चाललेली नळी काढा: जो भाग दिव्याच्या उष्णतेने तापतो नेमका तिथे पांढुरका, खरखरीत थर बसलेला असतो, नखाने सहज न निघणारा. पाण्यात लोह असेल तर तोच थर तांबूस. आतला दिवा ठणठणीत असतो, पण त्याचे किरण या थरातच जिरतात. नळी व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक आम्लाच्या पातळ द्रावणात भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसली की थर विरघळून निघतो. त्याआधी वीज बंद, पाणी बंद, आणि आतला दाब मोकळा करायचा. नळी आणि दिवा उघड्या बोटांनी धरायचे नाहीत, कारण बोटांचा तेलकटपणा काचेवर बसतो. बसवताना रबरी ओ-रिंग जागेवर नीट बसली आहे की नाही ते पाहायचं, नाहीतर वीज आणि पाणी एकत्र आलेच.

आणि पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही. काही सेकंदांतही डोळ्यांचा पुढचा पारदर्शक भाग (कॉर्निया) भाजू शकतो आणि त्याची कळ काही तासांनी उठते, तेव्हा कारण चटकन लक्षातही येत नाही.

दिवा जळतोय म्हणून चालवत राहणं

यूव्हीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. यंत्राच्या खिडकीतून दिसणारा निळसर उजेड म्हणजे यूव्ही नव्हे. यूव्ही दिसतच नाही. पाऱ्याच्या वाफेतून थोडा दृश्य प्रकाशही बाहेर पडतो, तो निळा दिसतो इतकंच. दिवा जुना होतो तसे २५४ नॅनोमीटरचे किरण कमी कमी होत जातात, निळा उजेड मात्र तसाच राहतो. सतत चालणाऱ्या दिव्याचं आयुष्य सहसा ९ हजार तास धरतात. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे वर्षाला एक दिवा, हे त्यामागचं गणित. ‘अजून जळतोय की, मग कशाला बदलायचा’ हा युक्तिवाद साध्या बल्बला लागू पडतो, याला नाही. नळ उघडल्यावरच लागणाऱ्या छोट्या प्युरिफायरमध्ये तासांचा हिशोब वेगळा असतो, तिथे यंत्राचा स्वतःचा मोजणी दिवा किंवा उत्पादकाने दिलेली मुदत पाळायची.

वीज वाचवायला म्हणून सगळ्या घराचं यंत्र दिवसातून चार वेळा चालू-बंद करणं परवडत नाही. प्रत्येक वेळी चालू करताना दिव्याची टोकं झिजतात, आणि पूर्ण क्षमतेवर यायला पाऱ्याच्या दिव्याला एखाद-दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात वाहिलेल्या पाण्याला पुरेशी मात्रा मिळत नाही. अशी यंत्रं चोवीस तास चालू ठेवण्यासाठीच असतात. रात्रभर पाणी वापरलं नाही तर सकाळी पहिलं पाणी कोमट येतं, तो बिघाड नव्हे.

वीज गेल्यावर काय, हा प्रश्न विकत घेतानाच विचारायला हवा. वरच्या टाकीतून येणारं पाणी विजेवर अवलंबून नसतं. दिवा बंद असला तरी नळाला पाणी येतच राहतं, आणि ते निर्जंतुक न होताच येतं. वीज जाताच पाणी अडवणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवला तर हा प्रश्न सुटतो. तो नसेल तर वीज परत आली म्हणून प्रश्न मिटत नाही, कारण यंत्रापुढच्या पाइपात तोवर जंतू पोचलेले असतात आणि दिव्याचा प्रकाश त्या पाइपापर्यंत जात नाही. मग पुढची सगळी पाइपलाइन क्लोरिनने धुऊन काढावी लागते. नवीन यंत्र बसवतानाही हे एकदा करायचंच असतं.

इथेच यूव्ही आणि क्लोरिन यांच्यातला मोठा फरक येतो. क्लोरिन पाण्यात शिल्लक राहतं आणि पुढच्या प्रवासातही राखण करतं. यूव्हीचा परिणाम दिव्यासमोरून पाणी सरकलं की संपतो. यूव्ही केलेलं पाणी टाकीत साठवलं, टाकीच्या भिंतीवर बुळबुळीत थर धरला असेल, तर ते पाणी पुन्हा दूषित होतं. त्यामुळे यूव्ही नेहमी शेवटी, नळाच्या जितकं जवळ तितकं बरं. शिवाय काही जीवाणूंकडे चिकटलेले थायमिन सोडवणारं एक विकर असतं आणि ते दृश्य प्रकाशावर चालतं. मात्रा अपुरी दिली आणि पाणी पारदर्शक बाटलीत उजेडात ठेवलं तर काही जीवाणू सावरतात. पुरेशी मात्रा मिळाली असेल तर याची फारशी काळजी नाही.

यूव्ही की आरओ

खरं तर ही दोन वेगळी कामं आहेत. आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट, शिसं, क्षार, यातल्या कशालाही यूव्ही हात लावत नाही. ते काढायला आरओसारखा पडदा लागतो. उलट पाण्यात क्षार बेताचे असतील, रसायनांची तक्रार नसेल आणि भीती केवळ जंतूंची असेल, तर गाळ फिल्टर, कार्बन आणि यूव्ही एवढं पुरतं, आरओमध्ये वाया जाणारं पाणीही वाचतं. एकाच डब्यात पाच-सहा तंत्रांची आद्याक्षरं ओळीने छापलेली यंत्रं बघितली की मला आधी पाण्याचा तपासणी अहवाल विचारावासा वाटतो. पाण्यात काय आहे हे माहीत नसताना काय काढायचं ते कसं ठरवणार? टीडीएस मीटर हा त्यावरचा उपाय नाही. तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतूंबद्दल एक अक्षर बोलत नाही.

पुराच्या दिवसांत पाणी चहासारखं गढूळ आलं तर यूव्हीवर विसंबू नये. पाणी गाळून खळखळ उकळावं. उकळताना गढूळपणा आड येत नाही, १ मिनिट पुरतं. समुद्रसपाटीपासून २ हजार मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं.

धंद्यात यूव्ही

हॉटेल, बर्फ बनवणारे, पेयं बाटलीत भरणारे यांना यूव्ही आवडतं ते चव बदलत नाही म्हणून. मत्स्यबीज केंद्रांना क्लोरिन चालत नाही, माशांची पिल्लं मरतात, तिथे यूव्ही उपयोगी पडतं. पोहण्याच्या तलावात त्याचं काम आणखी निराळं: घाम आणि लघवीशी क्लोरिनची प्रक्रिया होऊन क्लोरामाइन तयार होतात, डोळे झोंबवणारा तो ‘क्लोरिनचा वास’ त्यांचाच, आणि मध्यम दाबाचे यूव्ही दिवे ते फोडून टाकतात. तलावात क्लोरिन तरीही घालावंच लागतं.

मोठ्या यंत्राची मात्रा नुसत्या हिशोबाने मान्य होत नाही. एमएस-२ नावाचा, माणसाला निरुपद्रवी असा जीवाणूंचा विषाणू मोजून पाण्यात सोडतात, दुसऱ्या टोकाला किती शिल्लक राहिले ते मोजतात आणि त्यावरून खरी मात्रा ठरवतात. विक्रेत्याला हा चाचणी अहवाल मागावा, आणि तो दिवा म्हातारा झालेला असताना व पाणी तुमच्याइतकं खराब असताना काय होतं ते सांगतो का, हे पाहावं. नव्या दिव्याचे आणि स्फटिकासारख्या पाण्याचे आकडे सगळ्यांचेच छान असतात.

आता एलईडीचे यूव्ही दिवेही आले आहेत, सहसा २६५ ते २८० नॅनोमीटरचे. पारा नाही, लावताक्षणी पूर्ण प्रकाश, हवे तेवढे वेळा चालू-बंद करा. विजेचं किरणांत रूपांतर करण्यात ते पाऱ्याच्या दिव्याच्या अजून बरेच मागे आहेत, त्यामुळे एका नळापुरते ते सोयीचे, मोठ्या प्रवाहाला अजून पाराच. पाऱ्याचा दिवा फुटला तर खिडक्या उघडायच्या, तुकडे हातमोजे घालून जाड कागदाने गोळा करायचे, झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा नाही. जुना दिवा ओल्या कचऱ्यात न टाकता घातक कचऱ्यात द्यायचा.

यंत्र बसवल्यावर आणि पुढे निदान वर्षातून एकदा, पाण्यात ई. कोलाय हा जीवाणू आहे का याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. बाटली प्रयोगशाळेनेच दिलेली, निर्जंतुक असावी. नळाची जाळी काढायची, तोंड पुसून घ्यायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं आणि मग झाकणाच्या आतल्या बाजूला हात न लावता बाटली भरायची. नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवायचा. शक्य असेल तर दोन नमुने द्यावेत, एक यंत्राच्या आधीचा आणि एक वापरायच्या नळाचा. आधीच्यात जीवाणू आणि नळाच्यात शून्य आले तर यंत्र काम करतंय. दोन्हीकडे सापडले तर दिवा, नळी आणि यंत्रापुढचा पाइप या क्रमाने शोध घ्यायचा, आणि दोष सापडून दुसरा अहवाल येईपर्यंत पाणी उकळून प्यायचं.